सी ऑफ थीव्ज: खजिना शोधावा कसा आणि विकेपर्यंत सांभाळावा कसा

काटोलजवळ आमची संत्र्याची बाग होती. माल कळमन्याच्या बाजारात उतरून, लिलाव होऊन, अडत्याची पट्टी हातात पडेपर्यंत बाबा त्या संत्र्यांना ‘आपली’ म्हणत नसत. झाडावरचे फळ आणि हातातला पैसा यांच्यामध्ये तोड, प्रतवारी, भरणी, वाहतूक आणि बाजारभाव एवढे टप्पे असतात आणि त्यांपैकी कोणत्याही एका टप्प्यावर वर्षभराची मेहनत मातीमोल होऊ शकते, हे त्यांनी पाहिलेले होते. ‘सी ऑफ थीव्ज’ हा चाच्यांचा गेम मी गेली काही वर्षे माझ्या पुतण्या-पुतणीबरोबर खेळते आहे आणि या गेममधल्या खजिन्यालाही बाबांचा तोच नियम लागू पडतो, असे माझे ठाम मत झाले आहे. नवे खेळाडू नकाशे वाचायला आणि पेट्या उकरायला लवकर शिकतात, परंतु ती पेटी दुकानापर्यंत पोचवून विकणे हे निम्म्याहून अधिक काम आहे, याची जाणीव त्यांना पहिले जहाज बुडाल्यावरच होते. ती जाणीव थोडी आधी व्हावी, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

रेअर या इंग्लंडमधील स्टुडिओने तयार केलेला आणि मायक्रोसॉफ्टने प्रकाशित केलेला हा गेम 20 मार्च 2018 रोजी विंडोज आणि एक्सबॉक्स वन यांवर आला, जून 2020 मध्ये तो स्टीमवर मिळू लागला आणि 30 एप्रिल 2024 रोजी प्लेस्टेशन 5 वरही आला. आपले जहाज ज्या समुद्रात असते त्याच समुद्रात इतर खेळाडूंची जहाजे फिरत असतात. उकरून काढलेल्या पेटीवर कोणाचेही नाव नसते. जो ती दुकानदाराच्या हवाली करतो, त्याला आणि त्याच्या जहाजावरच्या साथीदारांना तिचे पैसे मिळतात. दुसऱ्याची पेटी पळवणे हा इथे नियमभंग नाही, तर खेळाचाच भाग आहे, त्यामुळे कोणी लुटले तर तक्रार करण्यात अर्थ नसतो. मिळालेल्या सोन्यातून जास्त धारदार तलवार किंवा जास्त दूर मारा करणारी तोफ विकत घेता येत नाही. कपडे, शिडे, जहाजाच्या नाळेवरच्या मूर्ती, हत्यारांवरची नक्षी अशा दिखाऊ वस्तूंसाठीच ते खर्च होते. त्यामुळे कालच आलेला खेळाडू आणि हजार तास खेळलेला खेळाडू यांची हत्यारे सारखीच असतात. फरक पडतो तो सवयींचा, आणि सवयी शिकता येतात.

बंदर सोडण्यापूर्वी

जहाज निवडताना माणसे मोजावीत. स्लूप एक किंवा दोन जणांसाठी, ब्रिगंटाइन तिघांसाठी आणि गॅलियन चौघांसाठी आहे. आम्ही तिघे आहोत. पुतण्या मनीषनगरला त्याच्या घरून खेळतो, पुतणी पुण्याच्या वसतिगृहातून आणि मी त्रिमूर्तीनगरला माझ्या खोलीतून. म्हणून आमचे जहाज ब्रिगंटाइन. मोठे जहाज म्हणजे जास्त तोफा हे खरे असले, तरी शिडे ओढायला आणि भोके बुजवायला पुरेशी माणसे नसतील, तर त्याचा भारच होतो.

आउटपोस्टवर, म्हणजे दुकाने असलेल्या बंदराच्या बेटावर, उतरल्याबरोबर तिथली पिंपे धुंडाळून तोफगोळे, लाकडी फळ्या आणि खाण्याच्या वस्तू गोळा कराव्यात आणि जहाजावरच्या पिंपांत नेऊन भराव्यात. केळ्याने तब्येत थोडीच सुधारते. आंबा आणि अननस यांनी पुष्कळ जास्त सुधारते, त्यामुळे ही दोन फळे लढाईसाठी राखून ठेवावीत. या कामात जाणारी पाच-सात मिनिटे नव्या खेळाडूंना वाया गेल्यासारखी वाटतात. परंतु परतीच्या वाटेवर जहाजाला तीन भोके पडलेली असतात आणि फळी एकच उरलेली असते, तेव्हा त्या पाच मिनिटांची खरी किंमत कळते.

मोहीम निवडण्याचे टेबल जानेवारी 2024 पासून जहाजावरच असते. मोहीम निवडल्यावर तिथपर्यंत शिडे सोडून जाता येते किंवा जहाजाला पाण्याखाली डुबकी मारायला लावून थेट त्या ठिकाणाजवळ निघता येते. वेळ कमी असेल तर डुबकी फार सोयीची आहे. मात्र ती मारताना जहाजावर ठेवलेला खजिना आपल्याबरोबर येत नाही, तो मागे पाण्यावर तरंगत राहतो. म्हणून डुबकी मारायची ती रिकाम्या जहाजानेच. माल भरलेला असेल तर आधी तो विकावा आणि मगच पुढची मोहीम घ्यावी.

शोध

खजिन्याचे व्यवहार करणाऱ्या कंपन्या अनेक आहेत, पण सुरुवातीला तीनच ओळखाव्यात. गोल्ड होर्डर्सना पेट्या हव्या असतात, ऑर्डर ऑफ सोल्सला शापित सांगाड्यांच्या कवट्या हव्या असतात आणि मर्चंट अलायन्सला व्यापाराचा माल, म्हणजे खोकी, प्राणी आणि दारूगोळ्याची पिंपे. माझ्या मते नवख्याने गोल्ड होर्डर्सपासून आरंभ करावा, कारण नकाशा वाचण्याची जी सवय तिथे लागते ती पुढे सगळीकडे उपयोगी पडते.

लाल फुलीच्या नकाशावर बेटाचा आकार असतो, नाव नसते. तो आकार मनात ठेवून जहाजावरच्या नकाशाच्या टेबलाशी जावे आणि जुळणारे बेट शोधावे. दोन्ही नकाशांत उत्तर वरच्या बाजूलाच असते, त्यामुळे आकार मनातल्या मनात फिरवत बसण्याची गरज नाही. बेटाच्या कडेचा एखादा ठळक विशेष, म्हणजे आत घुसलेली खाडी, शेपटीसारखी निघालेली वाळूची पट्टी, वेगळा पडलेला खडक, हेरला की जुळणी झटकन होते. टेबलावरचा नकाशा मोठा करूनही पाहता येतो. कॅनन कोव्हसारखी मोठी बेटे दोन-चार मोहिमांनंतर तोंडपाठ होतात. थीव्ज हेवन हे बेट तर आतून इतके पोकळ आहे की त्याच्या पोटातून जहाज नेता येते.

बेटावर पाय ठेवल्यावर बहुतेक जण नकाशा मिटून धावत सुटतात आणि अंदाजाने खणू लागतात. तसे न करता, नकाशा उघडा धरून फुलीच्या जवळच्या दोन खुणा आधी नक्की कराव्यात. समजा, फुलीच्या पश्चिमेला एक डबके आहे आणि उत्तरेला खडकांची जोडी आहे. डबक्याच्या काठावर उभे राहून होकायंत्राने पूर्व धरावी आणि खडकांच्या बरोबर दक्षिणेला येईपर्यंत सरळ चालत जावे. त्या दोन रेषा जिथे एकमेकींना छेदतात, तिथे पहिले फावडे मारावे. चुकलेच तर त्या जागेभोवती दोन-दोन पावलांवर गोलाकार खणत जावे. सैरावैरा खणू नये. फावडे पेटीवर आदळले की आवाज बदलतो. वाळूच्या भुसभुशीत आवाजाऐवजी लाकडावर मारल्यासारखा ठक्क असा आवाज येतो आणि मग पेटीचे झाकण वर दिसू लागते. इतक्या वर्षांनंतरही तो ‘ठक्क’ ऐकला की मला आनंद होतो, हे मी मनापासून सांगते.

कोड्याच्या नकाशांना मात्र सबुरी लागते. पहिली ओळ बेटाचे नाव सांगते, पुढची ओळ एखादी खूण सांगते, जसे खडकावर रंगवलेले चित्र, विझलेली शेकोटी किंवा झाडाला टांगलेली वस्तू. तिथे जाऊन कंदील उंच धरणे, वाद्य वाजवणे किंवा नकाशा वाचणे यांपैकी जे सांगितले असेल ते केले की पुढची ओळ उमटते. शेवटी अमुक दिशेला अमुक पावले चालून खणा, असे येते. ही पावले होकायंत्र उंच धरून चालताना मोजायची असतात. एरवीच्या धावण्याच्या हिशोबाने मोजली तर जागा चुकते. कोडी इंग्रजीत असतात, पण दिशा आम्ही मराठीतच बोलतो. हेडफोनमध्ये ‘साउथ-ईस्ट’ आणि ‘साउथ-वेस्ट’ यांची गल्लत होते. ‘आग्नेय’ आणि ‘नैऋत्य’ यांची कधी झाली नाही.

खऱ्या चाच्यांनी खजिना पुरल्याचे दाखले फार थोडे आहेत. त्यांतला सर्वांत गाजलेला विल्यम किडचा. त्याने 1698 मध्ये केरळच्या किनाऱ्याजवळ ‘क्वेदा मर्चंट’ हे रेशीम आणि मलमल घेऊन सुरतेकडे निघालेले व्यापारी जहाज पकडले आणि 1699 मध्ये अमेरिकेतल्या गार्डिनर्स बेटावर काही माल पुरून ठेवला. तो माल अधिकाऱ्यांनी उकरून ताब्यात घेतला आणि किडला 1701 मध्ये लंडनमध्ये फाशी झाली. पुरलेला माल त्यालाही विकता आला नाही.

मोहिमेखेरीज वाटेतही पुष्कळ सापडते आणि माझ्या अनुभवात नव्या खेळाडूंच्या नजरेतून निसटणारी कमाई हीच आहे. समुद्रावर एका जागी पक्षी घिरट्या घालताना दिसले की त्यांच्याखाली बुडालेले जहाज किंवा तरंगणारी पिंपे असतात. बुडालेल्या जहाजात मागच्या कॅप्टनच्या खोलीपर्यंत पोहून जावे, पण आधी शार्कचे पर दिसतात का ते पाहून घ्यावे आणि जहाज फार दूर उभे करू नये. किनाऱ्याच्या वाळूत अडकलेल्या बाटल्यांमधल्या कागदावर नवा नकाशा मिळतो. आकाशात कवटीच्या आकाराचा, चमकत्या डोळ्यांचा ढग दिसला, तर त्याच्याखालच्या किल्ल्यावर सांगाड्यांच्या टोळ्या असतात; त्या संपवल्यावर शेवटच्या सरदाराकडून किल्ली मिळते आणि तिने कोठाराचे दार उघडते. परंतु तो ढग समुद्रावरच्या सगळ्या जहाजांना दिसत असतो. शेवटचा सरदार पडायच्या सुमाराला दुसरे जहाज येऊन धडकणे हे इतके नेहमीचे आहे की, तिघांपेक्षा कमी असाल तर किल्ल्याच्या वाटेला जाऊ नये, असे माझे मत आहे.

सांगाड्यांशी लढताना त्यांची जात ओळखावी. सोन्याचे सांगाडे पाण्यात मंदावतात, म्हणून त्यांना पाण्याकडे ओढावे किंवा बादलीने भिजवावे. वेलींनी माखलेल्यांना पाण्याने उलट बळ मिळते. त्यांना तलवारीने तोडावे. सावलीचे सांगाडे अंधारात मरत नाहीत, कंदिलाचा उजेड पडला की ते ठोस होतात. गेममधला एक पूर्ण दिवस आपल्या 24 मिनिटांत संपतो, त्यामुळे सावल्यांशी गाठ पडली आणि हाताशी वेळ असला, तर उजाडण्याची वाट पाहणेही शहाणपणाचे ठरते.

मालाचे गुणदोष

काही माल स्वतःच अडचणी निर्माण करतो. रडणारी पेटी, जिला चेस्ट ऑफ सॉरो म्हणतात, ती अधूनमधून हुंदके देऊन रडते आणि जहाजात पाणी भरते. ती घेतली की एकाने बादली घेऊन तिच्यापाशी राहायचे. चेस्ट ऑफ अ थाउजंड ग्रॉग्ज उचलणारा झिंगतो आणि भलतीकडे चालू लागतो, म्हणून ती बेटावरून आणताना कडे आणि कपारी टाळाव्यात. डेव्हिल्स रोर या ज्वालामुखींच्या प्रदेशात मिळणारी चेस्ट ऑफ रेज तापत जाते आणि आग ओकते. ती तापू लागली की पाणी टाकून थंड करावी. मर्चंट अलायन्सच्या मालातले रेशमी कापड भिजू द्यायचे नसते, रोपांना मात्र पाणी घालत राहावे लागते आणि रमच्या बाटल्या आदळू द्यायच्या नसतात. साप विष फेकतो, पण त्याच्यासमोर वाद्य वाजवले की शांत होतो. डुकराला वाटेत खाऊ घालावे लागते. दारूगोळ्याचे पिंप जहाजाच्या पोटात कधीही ठेवू नये, कारण एका गोळीने ते फुटते आणि तळाला भगदाडे पडतात. आम्ही ते डोलकाठीवरच्या टेहळणीच्या टोपलीत ठेवतो.

परतीचा प्रवास

पेटी दोन्ही हातांनी धरावी लागते, म्हणजे ती उचललेला माणूस निःशस्त्र असतो. म्हणून बेटावरून माल आणताना एकाने मोकळ्या हाताने पुढे चालावे, आणि जहाज बेटाच्या ज्या बाजूला खजिना आहे त्याच बाजूला आणून उभे करावे. जहाजावरच्या हार्पूनने, म्हणजे दोर लावलेल्या भाल्याने, पाण्यातला आणि किनाऱ्यावरचा माल थेट ओढून घेता येतो. हा वेळ वाचवण्याचा सर्वांत चांगला मार्ग आहे आणि नवे खेळाडू तो फार कमी वापरतात. जलपरी आपल्याला जहाजावर परत पोचवते, पण हातातली पेटी पोचवत नाही. माल हातात असताना तिच्याकडे जाऊ नये.

जहाजावर किती माल जमू द्यावा, हा खरा कळीचा प्रश्न आहे. पाच बेटे फिरून एकदाच विकायला जावे असे सगळ्यांनाच वाटते, कारण फेऱ्या वाचतात. परंतु जहाजावरच्या मालाची किंमत वाढते तशी आपल्या एका चुकीची किंमतही वाढत जाते. जहाज बुडाले की सगळ्या पेट्या पाण्यावर तरंगू लागतात आणि बुडवणारा त्या आरामात वेचून घेतो. पहिल्या महिन्यात तरी दोन बेटांचा माल झाला की विकून मोकळे व्हावे, हा आमच्या घरचा नियम आहे.

प्रवासात एक जण सतत दुर्बीण घेऊन क्षितिज पाहत असावा. रात्री जहाजावरचे सगळे कंदील विझवावेत. दूरवरून आधी दिसतो तो उजेडच. पाठलाग सुरू झाला तर वाऱ्याची दिशा पाहून पळावे. वारा मागून असेल तर गॅलियन सर्वांत वेगाने धावते, वारा तोंडावर असेल तर स्लूप सर्वांत पुढे राहते. म्हणून स्लूपमध्ये असताना गॅलियन मागे लागली, तर शिडे मधोमध सरळ करून वाऱ्याच्या तोंडावर जहाज घालावे. अंतर हळूहळू वाढत जाते आणि मागचे लोक कंटाळून वळतात.

विक्री

आउटपोस्ट दिसू लागला की नव्या खेळाडूंचा जीव भांड्यात पडतो, आणि माझ्या पाहण्यात सर्वाधिक खजिना तिथेच गेलेला आहे. एकदा प्लंडर आउटपोस्टवर आम्ही सहा पेट्या आणि चार कवट्या घेऊन पोचलो. बंदरात एकही जहाज नव्हते. मी पहिली पेटी घेऊन गोल्ड होर्डरच्या तंबूकडे निघाले, आणि तेवढ्यात पुतणी ओरडली, “आत्या, थांब! पाण्यात जलपरी दिसून राह्यली, ती आपली नाही!” मी जागच्या जागी पेटी ठेवून तलवार काढली. तंबूमागे पिंपांच्या आड एक जण बसलेला होता. आपल्या जहाजापासून दूर आलेल्या खेळाडूसाठीच जलपरी वर येते. बंदरात जहाज नसताना परकी जलपरी दिसली, याचा अर्थ कोणीतरी दबा धरून बसले आहे. ते तिने ओळखले म्हणून आमच्या दहाही वस्तू वाचल्या.

म्हणून आउटपोस्टवर असे पोचावे. दूर असतानाच दुर्बिणीने बेटाला अर्धा वळसा घालून पाहावे. पलीकडच्या बाजूच्या जहाजाच्या डोलकाठ्यांची टोके झाडांच्या वर दिसतात. जहाज आणताना शिडे लवकर गुंडाळून वेग मरू द्यावा आणि नांगर टाकू नये, कारण तो उचलायला लागणारा वेळ पळून जायच्या घटकेला परवडत नाही. जहाजाचे तोंड खुल्या समुद्राकडे ठेवावे. आधी एकाने रिकाम्या हाताने उतरून तंबू, झोपड्यांच्या मागच्या बाजू आणि धक्क्याखालचे पाणी पाहून यावे. तोपर्यंत एकही पेटी हलवू नये.

मग विक्रीचा क्रम. सर्वांत मौल्यवान वस्तू सर्वांत आधी विकावी. हे सांगायची गरज नाही असे वाटते, पण बहुतेक जण दाराशी जी पेटी हाताला लागेल ती आधी उचलतात. पेट्यांच्या प्रती चढत्या क्रमाने कास्टअवे, सीफेअरर, मरॉडर आणि कॅप्टन अशा आहेत. कवट्यांमध्ये फाउल, डिसग्रेस्ड, हेटफुल आणि व्हिलनस. जलपरीच्या मूर्तीतून मिळणारी पाचू, नीलम आणि माणिक ही रत्ने वरच्या तिन्ही कंपन्यांपैकी कोणीही घेते, म्हणून ती राखून ठेवू नयेत, वाटेत जो दुकानदार आधी लागेल त्याला द्यावीत. मर्चंट अलायन्सची माणसे धक्क्यावरच उभी असतात, तेव्हा त्यांचा माल जाता-येता उरकतो. पेट्या आणि कवट्या बेटावर आत न्याव्या लागतात. तिघांच्या जहाजावर एकाने जहाजात पहारा द्यावा, एकाने माल किनाऱ्यावर उतरवावा आणि एकाने तो विकत राहावा. सोने वाटले जात नाही; जहाजावरच्या प्रत्येकाला त्या वस्तूची पूर्ण किंमत मिळते. त्यामुळे ‘माझी पेटी मीच विकणार’ हा हट्ट लहान मुलांनीही सोडून द्यावा.

स्वतःचे कॅप्टन-जहाज विकत घेतलेले असेल, तर तीन दुकानांची ही धावपळ वाचते. ऑगस्ट 2022 मध्ये आलेल्या सॉव्हरिन्स या फक्त कॅप्टनांचा माल घेणाऱ्या कंपनीच्या मंचावर सगळ्या कंपन्यांचा माल एकाच ठिकाणी देता येतो आणि तिथे बसवलेल्या हार्पूनने माल थेट जहाजावरून ओढून घेता येतो. सोने जमू लागल्यावर पहिली मोठी खरेदी कोणती करावी, असे कोणी विचारले तर मी नटव्या शिडांआधी हेच जहाज सांगेन. नकाशाच्या साधारण मध्यभागी रीपर्स हाइडआउट आहे. तिथे रीपर्स बोन्स ही कंपनी जवळजवळ कोणताही माल घेते. परंतु तिथे जाणारे बहुतेक लढायलाच आलेले असतात, म्हणून नवख्यांनी ती वाट टाळावी.

एमिसरी ध्वजाचा, म्हणजे आपण एखाद्या कंपनीचे प्रतिनिधी आहोत हे दाखवणाऱ्या ध्वजाचा, हिशोब नीट समजून घ्यावा. कंपनीकडे पुरेशी प्रतिष्ठा झाल्यावर आणि ध्वजाचा हक्क विकत घेतल्यावर दुकानाशेजारच्या टेबलावर मत देऊन तो उभारता येतो. त्या कंपनीची कामे करत गेलो की पहिल्या श्रेणीपासून पाचव्या श्रेणीपर्यंत चढता येते, आणि पाचव्या श्रेणीला मालाची किंमत अडीचपट मिळते. म्हणजे एरवी 4000 नाण्यांना जाणारा माल 10000 नाण्यांना जातो, तोही प्रत्येकाला. हा फायदा मोठा आहे. पण ध्वज उभारलेले जहाज बुडाले की श्रेणी जाते आणि आपला तुटलेला ध्वज उचलून लुटणारा रीपर्स बोन्सकडे विकतो. शिवाय पाचव्या श्रेणीच्या रीपर जहाजाला इतर सर्व ध्वजधारी जहाजे नकाशावर दिसतात. म्हणून पाचवी श्रेणी मिळाली की आणखी एक बेट करू असे म्हणू नये. त्याच क्षणी जवळचा आउटपोस्ट धरावा, माल विकावा आणि टेबलावर मत देऊन ध्वज उतरवून मगच बंदर सोडावे. तेजीचा भाव सुरू असताना माल गोदामात दाबून ठेवणारा शेतकरी मी पाहिलेला आहे, आणि दुसऱ्या दिवशी भाव पडल्यावरचा त्याचा चेहराही पाहिलेला आहे.

इतर जहाजांशी आघाडीही करता येते. एका जहाजाने विकलेल्या मालाची निम्मी किंमत आघाडीतल्या दुसऱ्या जहाजाला मिळते आणि विकणाऱ्याचे काही कमी होत नाही. ही चांगली सोय आहे, पण आघाडीचा ध्वज उभारलेला असला तरी त्यांच्या तोफा आपल्याला लागतातच. म्हणून दोन्ही जहाजे धक्क्याला लागलेली असताना आपला पहारेकरी उठवू नये.

ज्यांना या सगळ्याची धास्ती वाटते, त्यांच्यासाठी डिसेंबर 2023 पासून ‘सेफर सीज’ हा पर्याय आहे. त्या समुद्रात फक्त आपलेच जहाज असते. तो सुरू झाला तेव्हा तिथे नेहमीच्या 30 टक्केच सोने मिळत असे आणि एमिसरी ध्वज किंवा कॅप्टन-जहाज तिथे चालत नसे. नकाशे वाचणे, जहाज वळवणे, विक्रीचा क्रम पाळणे हे सगळे तिथे शांतपणे शिकता येते. मी माझ्या वहिनीला तिथेच शिकवले.

एक गोष्ट आपल्याकडच्या खेळाडूंसाठी. न विकलेला माल गेममध्ये साठवून ठेवता येत नाही. गेममधून बाहेर पडले की तो गेला. मागच्या मे महिन्यात भर दुपारी, कूलर घरघरत असताना, आम्ही अकरा पेट्या घेऊन सँक्च्युअरी आउटपोस्टच्या धक्क्याला लागलो होतो. त्या दिवशी पुतणी नव्हती. पुतण्या इथेच माझ्या खोलीत लॅपटॉप घेऊन बसला होता आणि आम्ही दोघेच स्लूपवर होतो. दोन पेट्या विकल्या आणि वीज गेली. लॅपटॉप चालू होते, राउटर बंद पडले. वीज पाऊण तासाने आली, तेव्हा नवे जहाज मिळाले आणि त्याचे पोट रिकामे होते. त्या आठवड्यात आम्ही राउटरसाठी लहान बॅटरी बॅकअप घेतला, आणि ढग दाटून आले किंवा उन्हाळ्याच्या दुपारी दिवे मंदावू लागले की बेट अर्धवट सोडूनही विकायला निघतो. पुण्याहून पुतणी खेळत असेल तर शेवटच्या फेरीत सुकाणू तिच्याकडे देतो, म्हणजे इकडची वीज गेली तरी जहाजावर एक माणूस राहतो आणि उरलेल्या पेट्या ती एकटी विकून घेते.